बाबा रूमींच्या गावाला जाऊन आले

ती. लखदरदादास,

झुलेखाचा सलाम. तुझी कंबर, लिओंची फ्रेंच थंडी आणि वहिनीचा खोकला यांपैकी जे जे बरं होण्यासारखं होतं ते एव्हाना झालं असेल, अशी आशा आहे. इकडे बातनाला सगळे खुशाल. आईचे गुडघे दुखतात, पण शेजारणीपेक्षा कमी, म्हणून ती समाधानी आहे.

तू विचारलंस, ईदला वहिनीला घेऊन आलो तर बाबा उंबरा ओलांडू देतील का. दादा, बाबा अजून तिला नुसतं 'रूमीण' म्हणतात. "लखदरची रूमीण इथे आली तर मी पुन्हा डोंगरात जाईन," हे वाक्य गेल्या आठवड्यातही झालं. (फ्रेंचांशी लढायला डोंगरात गेले तेव्हा ते जवान होते, आता जिना चढताना मला हाका मारतात.) त्यात आपल्याकडे शब्दाची पंचाईत. फ्रेंच तो रूमी, जुना रोमन तोही रूमी, आणि पोल्ट्रीतली बेचव कोंबडी तीही रूमीच. त्यामुळे तिमगादचे रोमन अवशेष इतके जवळ असून बाबांनी कधी पाहिले नव्हते. त्यांच्या मते, फ्रेंच जाताना छपरं काढून घेऊन गेले ते हे गाव.

म्हणून मी युक्ती केली. म्हटलं, बाबा, फ्रेंच कालचे. हे त्यांच्याही कितीतरी आधीचं, निवृत्त सैनिकांचं गाव आहे. नोकरी संपल्यावर राजाने त्यांना तिथे जागा दिल्या. बाबांनी लगेच कान टवकारले. "सैनिकांना जागा? खरंच दिल्या, का नुसतं सांगितलं?" शुक्रवारी नमाजानंतर लोकरीचा झगा, त्यावर पदक अशा थाटात मला घेऊन पाहणीला निघाले. सैनिकाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणून आईकडून रोट्याही बांधून घेतल्या. (मेलेल्यांना रोट्या कशाला, असं आईने विचारलं. रखवालदार तर जिवंत असेल ना, असं उत्तर मिळालं.)

रखवालदार चांगलाच जिवंत होता. नाव बेलकासेम, जिभेला हाड नाही. बाबांनी रस्ते तपासले, ते सरळ निघाले. जुन्या घरांचे चौथरे तपासले, तेही एकसारखे निघाले. खोट काढायला जागाच मिळेना, तेव्हा ते हिरमुसले. मग एका दगडी बैठकीवर बसून, बाजूला कोरलेल्या माशांवर हात टेकून, सैनिकाने निवृत्तीनंतर कसं राहावं यावर त्यांनी बेलकासेमला भलंमोठं व्याख्यान दिलं. त्याने ते अदबीने ऐकून घेतलं आणि संपल्यावर म्हणाला, "अम्मारसाहेब, सगळं पटलं. फक्त तुम्ही बसलात तो संडास आहे." बाबा उठले नाहीत. (उठले असते तर ते बाबा कसले?) "सैनिकांचाच ना? मग चालेल," म्हणाले.

बसल्या बसल्या त्यांना नवीन शंका आली. या लोकांना बायका कुठून मिळाल्या? "कुठून म्हणजे? इथल्याच की. आपल्या डोंगरातल्या पोरी," बेलकासेम म्हणाला. आता मात्र बाबा ताडकन उठले. "रूमींना? कुणी दिल्या?" त्या बापाचा पत्ता मिळाला तर आजच जाऊन जाब विचारतील असा आवेश. केलं एक आणि होतंय भलतंच. बेलकासेमने त्यांना एका थडग्याच्या दगडापाशी नेलं. सैनिक आणि त्याची बायको शेजारी शेजारी कोरलेले, आणि बायकोचं नाव, तो म्हणतो, आपल्या बाजूचं. बाबा वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "तिच्या मातीला माहेरचे आले असतील का रे?" बेलकासेमला काय ठाऊक? पण त्याने एवढ्यापुरती चेष्टा केली नाही. "आले असतील, काका. पोटचं पोरच ना," म्हणाला.

परतताना वाटेत तुझा विषय काढावा असं फार वाटलं रे, पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही. रोट्या बेलकासेमला दिल्या, एवढंच आईला सांगून ते झोपले. तेव्हा दादा, युक्ती वाया गेली असंच समज. या ईदला येऊ नकोस. आई रडेल, तिला मी सांभाळीन.

तुझी,
झुलेखा

ता. क. तिथल्या एका दगडी मुंडक्याशी बेलकासेमने बाबांचं नाक ताडून पाहिलं आणि "तुमचे चुलते दिसतात," म्हणाला. बाबा तेव्हापासून आरशात बाजूने बघतात. हे गावात कुणाला कळता कामा नये.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात बाबांनी विचारलं, "तिचं नाव काय गं?" मी म्हटलं, ओदिल. जेवण होईस्तोवर पुटपुटत होते, जीभ वळेना. शेवटी 'अदीला'वर येऊन थांबले आणि म्हणाले, हे तर आपल्यातलंच नाव आहे. तेव्हा वरचं सगळं विसर आणि तिकिटं काढ. वहिनीला मात्र आत्तापासून एवढं शिकव: दारात एक म्हातारा "अदीला" म्हणून हाक मारेल. तेव्हा मागे वळून कुणाला बोलावतायत ते बघायचं नाही. "आले, बाबा," म्हणायचं.