कळवणहून पायी आलेला माणूस

३ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
आजच्या पहिल्या फेरीचा खरा खर्च: दोन तास, डाव्या टाचेची साल (बूट नवे), एक मिसळ, तीन पाव आणि वर जिलबी. चाललो मोबाईलच्या मते अकराशे पावलं. त्यातली शंभरेक मिसळीच्या हॉटेलात रिकामं टेबल शोधताना.

कारण असं. डॉ. मयुरेश काल म्हणाले, काका, तीन महिन्यांची साखर ९.२ आलीय. रोज चाळीस मिनिटं चाला. २ फेब्रुवारीला परत तपासू. उतरली नसेल तर इन्सुलिन, रोज पोटात सुई. मी हसलो. म्हटलं, डॉक्टर, अकरा वर्षांचा होतो तेव्हा कळवणहून नाशिकला पायी आलोय. पंच्याहत्तर किलोमीटर. डोक्यावर झेंडूची पाटी. मला काय चालायला शिकवता?

सुईला मी भीत नाही. ती माझ्यात शिरू नये, एवढंच.

४ नोव्हेंबर
मार्ग ठरला. गोदापार्कपासून नदीकाठाने रामकुंड, दुतोंड्या मारुती, नारोशंकराची घंटा, मग पूल ओलांडून सुंदरनारायण, शेवट सरकारवाडा. साडेचार किलोमीटर. नदी, बाग, इतिहास, सगळं एका दोऱ्यात ओवलंय. शेवटी हार करणारा माणूस मी. नाव: गोटीराम मार्ग. महापालिकेला नंतर कळवू.

समाधानला (मुलगा, फुलांचं दुकान आता तोच बघतो) म्हटलं, नकाशा छापून आण. म्हणाला, दादा, आधी चाला तरी. या पिढीला प्लॅनिंग माहीत नाही.

१२ नोव्हेंबर
नकाशा आला. आठ दिवस चाललो नाही, कारण नकाशा नव्हता. आता आहे, पण घाटावर कुंभमेळ्याची खोदकामं चालू आहेत आणि ती नकाशात नाहीत. दुरुस्तीला पाठवला.

१९ नोव्हेंबर
मार्गाची पाहणी केली. रिक्षाने. साडेचार म्हणजे साडेचारच भरले. अंदाज अजून पक्का आहे आपला.

सरूला (बायको) सांगितलं. ती म्हणाली, माहीत हे, मी आणि कमळाबाई दहा दिवस झाले तिथंच जातोय. पाय तुमचे, रस्ता तुमचा, मग अडलं कुठं?
बायकांचं चालणं वेगळं. त्या बोलत बोलत जातात, अंतर कळत नाही. मी एकाग्रतेने चालतो. म्हणून दमतो.

६ डिसेंबर, सकाळी ७
गोदापार्कात तिसऱ्या बाकापर्यंत गेलो. बसलो. माझे कान लहानपणापासून तीक्ष्ण. लिलावात मागचा व्यापारी काय कुजबुजतो ते मला पुढे ऐकू यायचं. शेजारचे प्रफुल्लराव (बँकेतून रिटायर्ड, रोज झपाझप चालणारे) वीस फुटांवरून कुणाला तरी म्हणाले, ते बघा गोटीरामशेठ, बाकांची तपासणी चाललीय.
म्हणजे लोकांच्या लक्षात येतंय की मी या कामात जबाबदारीने पडलोय.

२४ डिसेंबर
थंडी. थंडीत रक्त दाट होतं असं ऐकलंय. संक्रांतीनंतर रोज दोन फेऱ्या मारून बाकी भरून काढणार.

१५ जानेवारी
तिळाचे लाडू किती, ते लिहीत नाही. औषधी असतात.
एकट्याने चालण्यात अर्थ नाही, हे आज लक्षात आलं. मी माणसांतला माणूस. २५ तारखेला ज्येष्ठ नागरिकांना गोटीराम मार्गावरून नेणार. चौदा नावं आली. टोप्या सांगितल्या, भगव्या नको, पांढऱ्या नको, झेंडूच्या रंगाच्या. समाधान म्हणाला, दादा, झेंडू भगवाच असतो. पिवळ्या सांगितल्या.

२५ जानेवारी, दुपारी २
सगळे पायी निघाले. मी रिक्षाने पुढे जाऊन रामकुंडावर थांबलो. स्वागताला कोणी नको का?

तिथे माझं भाषण. कळवण, पंच्याहत्तर किलोमीटर, झेंडूची पाटी. टाळ्या. प्रफुल्लराव म्हणाले, शेठ, एवढं चाललेला माणूस आज रिक्षात कसा हो? लोक हसले. मला राग आला. समोरच यज्ञेश्वर गुरुजींची बैठक. आमच्या घराण्याची नोंद त्यांच्याच वहीत, त्यांच्या आजोबांपासून. म्हटलं, गुरुजी, काढा चोपडा. कळवणचं पान. होऊन जाऊ द्या.

गुरुजींनी बासन सोडलं, पान काढलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं: मु. कळवण, पत्नीच्या अस्थी घेऊन आले, सोबत मुलगा गोटीराम, वय ११. येस्टीने आले. मुलास गाडी लागल्याने विधीस उशीर.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. प्रफुल्लरावांनी टोपी काढून हातात धरली. सरू म्हणाली, चला, पुढं नारोशंकर हे ना? सगळे गेले. मी घाटावर बसून राहिलो.

२६ जानेवारी
ती फेरी वेगळी असणार. पायी आलो ती नंतरची. चोपड्यात प्रत्येक फेरी थोडीच लिहितात.

३१ जानेवारी
दोन दिवसांत साखर उतरवायची तर मेथीचं पाणी. उद्या पूर्ण मार्ग, एका दमात.

१ फेब्रुवारी
बुटाची नाडी तुटली.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी
रिपोर्ट: ९.९. सिस्टरने सुई कशी धरायची, पोटाची चिमूट कशी घ्यायची ते दाखवलं. पहिली तिनेच टोचली. सरू शेजारी उभी होती. आज सकाळी ती सरकारवाड्यापर्यंत जाऊन आली होती. तिने ते सांगितलं नाही, चपलेवर घाटाची माती होती.

डॉक्टर म्हणाले, काका, कळवणहून पायी आलेला माणूस तुम्ही, असं कसं झालं? मी म्हटलं, वय. सरू खिडकीबाहेर बघत राहिली.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो. झेंडूची पाटी नव्हती. बापाच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं मडकं होतं, आणि मी नांदुरीच्या घाटात दोनदा ओकलो. कळवणहून नाशिकला मी एसटीने आलो. अर्ध्या तिकिटात.