टाकीचं टोपण

कसबा पेठ, पुणे
४ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. हेमास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

त्या टोपणाबद्दल आभार मानायचं काही कारण नाही. कोणी मानलेही नाहीत म्हणा. तुमचा ड्रायव्हर नासिर परवा हंडे-कळश्या न्यायला व्हॅन घेऊन आला, माल भरला आणि चहाला गेला. तेवढ्यात मला दिसलं, डिझेलच्या टाकीच्या टोपणाला भोक. सुईएवढं, पण भोक ते भोक. टोपण काढलं, कथील वितळवलं, डाग देऊन बुजवलं. खालचा वायसर झिजला होता, तिथे चामड्याचा घातला. चाळीस वर्षं गळकी भांडी दुरुस्त करतोय, डोळ्यांपुढचं भोक तसंच सोडीन होय? तुझ्या नवऱ्याच्या, जयसिंगरावांच्या, हे या जन्मात लक्षात आलं नसतं. त्यांना दुकानातली भांडी तेवढी दिसतात.

गुडघा बरा आहे, पण बसने हडपसरला येण्याइतका नाही. म्हणून पत्र. फोनवर ओरडणं मला जमत नाही. कधी खुशालीचंही लिहीत जा, नुसता माल कधी मिळेल एवढंच नको.

तुझा काका,
दत्तोबा

हडपसर
१९ नोव्हेंबर

ती. काकांस,
हेमाचा सा. न. वि. वि.

टोपणाचे आभार, पंधरा दिवस उशिरा. रागावू नका, आमची गाडीच आजारी आहे.

शिरवळच्या बाजाराला माल घेऊन निघाली की कात्रजपर्यंत छान जाते आणि घाट लागला की दम सोडते. पाय तळापर्यंत दाबला तरी ओढत नाही, मागचे ट्रक हॉर्न मारतात. थांबवली की थोड्या वेळाने पुन्हा चालते. संपत मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर बदलला, नळ्या फुंकल्या, टाकी उघडून आत बॅटरी मारून बघितलं. गॅरेजमधून निघाली तेव्हा एकदम ठणठणीत. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच.

हे स्वतः चालवतात तेव्हा मात्र काही होत नाही. आता हे चालवतात ते मांजरीपर्यंत, तो भाग वेगळा. पण यांनी निकाल लावला की दोष गाडीत नाही, ड्रायव्हरमध्ये आहे. त्यात भोरच्या एका ओळखीच्याने नासिरला घाटात टाकी उघडून उभा असलेला पाहिलं. हे म्हणतात, तो डिझेल विकतो आणि वर रॉकेल ओततो.

मला पटत नाही, काका. बारा वर्षं आमच्याकडे आहे, तुम्हीच लावून दिलेला. रविवारी त्याला ठेवायचं की काढायचं ते ठरणार आहे. हे माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. त्याच्यासाठी दोन ओळी लिहा.

गुडघ्याला तेल लावा. आठवण ठेवा.
हेमा

कसबा पेठ
२१ नोव्हेंबर

चि. सौ. हेमास आशीर्वाद.

मी लावून दिला म्हणून जन्मभर सांभाळायचा, असं कुठे लिहिलंय? त्याचा बाप युसूफ माझ्या शेजारी बसून तांबं ठोकायचा. त्याच्या कामात खोट नव्हती. बापाचं बापापाशी. भर घाटात टाकी उघडून उभा राहणारा माणूस काय टाकीला वारा घालत होता? मिस्त्री बदलू नका, ड्रायव्हर बदला. काढून टाका आणि मोकळे व्हा. एवढ्याशा गोष्टीचा काथ्याकूट कशाला करता ते कळत नाही.

जयसिंगरावांना हेच वाचून दाखव. आशीर्वाद आहेतच.
दत्तोबा

हडपसर
२४ नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली नाही. यांनीच तुमचं पत्र काल दुकानात नासिरसमोर मोठ्याने वाचलं.

तो भांडला नाही. एवढंच म्हणाला की घाटात गाडी मेली की टाकीचं टोपण सैल करायचं, टाकी तहानलेल्या माणसासारखी जोरात हवा ओढते, आणि मग गाडी चढते. हे त्याने मिस्त्रीला दोनदा सांगितलं होतं, मिस्त्री हसला. मग म्हणाला, काकांनी लिहिलंय ना, मग मी वाद घालत नाही. किल्ली गल्ल्यावर ठेवली आणि बसस्टॉपकडे चालत गेला. डबासुद्धा गाडीतच राहिला.

आज याहून जास्त लिहवत नाही.
हेमा

कसबा पेठ
२६ नोव्हेंबर

हेमा,

पत्र हातात पडलं तसाच लिहायला बसलो.

रॉकेलच्या डब्याला दोन भोकं पाडायची असतात, हे तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा मीच तुला शिकवलं. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून वारा आत. एकच पाडलं तर तेल अडतं. त्या टोपणाचं भोक वाऱ्याचं होतं. ते मी बुजवलं. गाडी जवळपास फिरली तर कळत नाही, लांब गेली की टाकीचा श्वास कोंडतो. कोणी टोपण उघडलं की सुटतो. म्हणून मिस्त्रीच्या हातून निघाली की बरी.

दाभण घे, टोपणाचा डाग उकरून काढ. आरपार उजेड दिसला पाहिजे. जयसिंगरावांकडे देऊ नको, ते टोपणच हरवतील.
दत्तोबा

हडपसर
३० नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

डाग उकरला. काल भैरू, यांचा चुलतभाऊ, गच्च भरलेली गाडी शिरवळला घेऊन गेला. घाटात एकदाही थांबली नाही.

हे लगेच घोरपडे पेठेत नासिरच्या घरी गेले, चुकलं म्हणाले. त्याने चहा दिला, नीट बोलला, पण कामावर यायला तयार नाही. दुसरीकडे बघतोय म्हणाला. यांना त्याने एकच गोष्ट विचारली. ते पत्र काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, की कोणाकडून लिहवून घेतलं होतं? यांना सांगावं लागलं, त्यांच्याच हातचं.

काका, आता यांच्या हातात काही नाही.
हेमा

कसबा पेठ
३ डिसेंबर

चि. सौ. हेमास आशीर्वाद.

गुडघ्याचं विचारू नको. घोरपडे पेठेत चालत जाऊन आलो.

नासिर सोमवारी येईल. जयसिंगरावांनी किल्ली त्याच्या हातात द्यायची, गल्ल्यावर ठेवून उचल म्हणायचं नाही. आणि माझं ते पत्र ज्या दुकानात वाचलं, त्याच दुकानात हे पत्रही वाचायचं, तितक्याच मोठ्याने. डाग मी दिला. कोणाला न विचारता दिला. पोरावर आळ आला तेव्हा त्याला काढा, असंही मीच लिहिलं.

निघताना त्याची बायको हमीदा हिनं तांब्याची एक कळशी पुढे केली. तिला भोक होतं. मी आधी विचारलं, हे भोक तुम्हाला लागतं का? तेव्हा नासिर हसला. कळशी घेऊन आलोय, सोमवारी त्याच्याबरोबर पाठवतो.

तो हसायच्या आधी तासभर तिथे काय झालं, मी काय बोललो, तो काय म्हणाला, हे तू विचारणारच. सांगणार नाही.

दत्तोबा