अल्काच्या फोनवरून

आमगाव,
१८ जुलै २०२५

प्रिय आचल,

आज सकाळी सात वाजता आम्ही वाघ नदीवर गेलो. नंदलालमामा, शेजारचे केवळरामजी आणि आणखी आठ-दहा माणसं होती. पाण्याला ओढ होती म्हणून काठावरच सगळं आटोपलं. अकराला परत आलो, जेवणं झाली, आणि चारपर्यंत सगळे आपापल्या गावी गेले. धानाचे रोवणे सुरू आहेत, कोणाला थांब म्हणता येत नाही. आता साडेपाच झाले आहेत. हे पत्र कागदावर लिहून त्याचे फोटो मी माझ्या फोनवरून तुला पाठवणार आहे. मुक्कामाला पोचल्यावरच वाच, वाटेत वाचू नकोस. तुझी ती अमेरिकन मैत्रीण एमिली जवळ असू दे. नदीवर कशाला गेलो होतो तेच तुला सांगायचं आहे, पण मला ते एकदम लिहिता येत नाही. म्हणून आधी तुझ्या प्रवासाचं लिहितो.

अमेरिकेतल्या कॉलेजबरोबर तू इंग्लंडच्या खेड्यांत गेलीस, तेव्हापासून तू आईलाच लिहीत आलीस. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ती भाजी निवडता निवडता मला वाचून दाखवायची. रस्ते इतके अरुंद की समोरून गाडी आली तर एकाने पार वळणापर्यंत मागे जायचं, आणि दुसऱ्याने त्याला हात दाखवून पुढे निघायचं. बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरचे आभार मानतो. तुझ्या वर्गातल्या मुलांना तिथली घरं, दुकानं, गाड्या सगळं खेळण्यातलं वाटलं. तुला मात्र वर्षभर अमेरिकेत राहूनही ते ओळखीचं वाटलं, कारण बस थांबली की म्हाताऱ्या खिडकीचा पडदा सारून कोण आलं ते पाहतात. त्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपली समोरची भागीरथाबाई तिकडेही आहेच."

तिला सगळ्यात आवडलं ते पायवाटांचं. लोकांच्या शेतातून, मेंढ्यांमधून, कधी कोणाच्या अंगणाला लागून कोणीही चालत जातो, ती वाट नकाशात असते आणि मालक काही बोलत नाही. फक्त मागचं फाटक लावून घ्यायचं, असं तू लिहिलं होतंस. मी बत्तीस वर्षं भूमी अभिलेखमध्ये मोजणीचं काम केलं. शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सख्खे भाऊ कुऱ्हाड घेऊन आलेले पाहिले. उदारामने चुलत्याची बैलगाडी जाऊ नये म्हणून पांदणीतच धान रोवलं होतं, ते तुला आठवत असेल. आई हसून म्हणाली, "पाहा जी, तिथं जन्मले असते तर तुम्हाले कामच नसतं भेटलं." हे सात तारखेचं आहे.

नऊ तारखेला सकाळी ती चहा ठेवायला उठली. ओट्याला धरून उभी होती, मग खाली बसली. मला म्हणाली, छातीत भरल्यासारखं होऊन राहिलं. मी तिला शेजारच्यांच्या गाडीत घालून गोंदियाला निघालो. रेल्वे फाटकाच्या अलीकडेच तिचा हात सैल झाला. आचल, तुझी आई गेली. आज नदीवर केलं ते तिचं दसवं, दहाव्या दिवसाचं कार्य. ती गेली त्या दिवशी दुपारी मी तुला दोनदा फोन लावला, तू डोंगरात होतीस, लागला नाही. लोक म्हणाले, पाऊस येऊन राहिला, अग्नी द्यायला थांबू नका. मी थांबलो नाही.

अल्काचा फोन माझ्या खिशात होता. मोक्षधामावरून परत येताना तो वाजू लागला आणि तुझे सगळे मेसेज एकदम आले. टेकडीवर एक लाकडी बाक होतं, त्यावर मेलेल्या बाईचं नाव होतं आणि नवऱ्याने लिहिलं होतं की हिला ही जागा फार आवडायची. तू त्यावर बसून डबा खाल्लास. शेवटी लिहिलं होतंस, बाबांना विचार, तुला कोणती जागा आवडते ते त्यांना माहीत आहे का. मला माहीत नाही. कचारगडला गेलो होतो तेव्हा ती एका दगडावर पुष्कळ वेळ बसली होती, पण पाय दुखत होते म्हणून बसली असेल. मी अंगणात उभा होतो, अंघोळही झाली नव्हती. ती रोज तुला लिहायची तेच मी तिच्या फोनवरून लिहिलं. "छान. जेवलीस का?"

तू लगेच हसणारं तोंड पाठवलंस. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो आले, मी पुन्हा तेच लिहिलं. तू फोन केलास तेव्हा उचलला नाही, माझ्या फोनवरून आई झोपली आहे असं लिहिलं. रोज ठरवायचो, आज सांगतो. तू तिथं खुशीत होतीस. मामाने तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन जी भाऊजी, आचलले सांगलं का नाही?" मी म्हटलं, सांगितलं, तिकीट मिळत नाही आहे. तो म्हणाला, "लय रडली असन पोरगी." मी हो म्हटलं. दसव्याला पोरीची वाट पाहू, पुढे ढकलू, असंही तो म्हणत होता. तुला येणं जमणारच नाही असं सांगून तुझी वाट पाहायचा तो मार्गही मीच बंद केला.

काल तू लिहिलंस, "आई, नऊ दिवस झाले, तू एकच वाक्य लिहितेस. रागावलीस का? बोलून पाठव ना, आवाज ऐकायचा आहे." मी तिच्या फोनमध्ये जुनं काही सापडतं का ते शोधलं. तिचा आवाज असलेला एक मेसेज मिळाला, तो मी पाठवायलाही निघालो होतो. मग मला माझीच भीती वाटली. म्हणून हे लिहीत आहे. तेरवी सोमवारी आहे. ये म्हणायला मला तोंड नाही, आणि येऊ नकोस असंही म्हणत नाही. मामाने सकाळी दूध आणून ठेवलं आहे, अजून तापवलेलं नाही. नासायच्या आधी ते तापवून घेतो.

तुझाच,
बाबा