हिरवी वायर

मंगळवार, ४ मार्च, दुपारी ३.२०

काळीला नव्या तारा चढवत होतो. सहावी, सगळ्यात जाड तार खुंटीला गुंडाळली आणि सहज अ‍ॅम्प सुरू केला. तारांना हात लावला नव्हता. तरी आवाज आला. घर्रर्र — एकसारखा, खालच्या पट्टीतला. भिंतीपलीकडे कुणीतरी आजारी माणूस झोपलाय असा.

काळी ही माझी तिसरी गिटार. पहिली प्लायवुडची, मान वाकलेली. तिने बोटांना घट्टे दिले, बाकी काही नाही. दुसरी लाल. तिच्यावर चार वर्षं ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवली, भाड्याचा कोट घालून, लोक जेवत असताना. लाल विकली, ऑर्केस्ट्रा सोडला, काळी घेतली. पातळ मान, आणि खाली एक दांडा — तो दाबला की सूर विहिरीत पडल्यासारखा खाली जातो. हेवी मेटल वाजवायला अशीच लागते.

अ‍ॅम्प मात्र बँडचा. वर्गणी काढून कालच घेतला, निम्म्याहून जास्त पैसे दादाने घातले. जुना आहे, आत काचेच्या नळ्या तापून लाल होतात. विकणारा म्हातारा म्हणाला, "जपून. हा माणूस ओळखतो." आम्ही हसलो.

गुरुवार, ६ मार्च

टायरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तालीम. घरघर तशीच.

दादा वैतागला. दादा म्हणजे मामांचा मुलगा, आमचा गायक. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानेच मला बँडमध्ये आणलं. म्हणाला, "सुरुवातीला तू एकटा हळू वाजवतोस, आणि मागे हे काय? म्हैस रवंथ करतेय?"

ढोल्या ड्रमवरून ओरडला, "तिलाही वाटा द्यावा लागेल मग!"

सगळे हसले. मी नाही. २२ तारखेला तो माणूस येणार आहे — मोठमोठ्या कार्यक्रमांना बँड पुरवणारा. त्याला पटलं तर वर्षभराचं काम. नाही पटलं तर मी परत कोट घालून लोकांच्या जेवणात.

आणि घरघर राहिली तर 'गळा' कसा जमणार? शेवटचं गाणं. मी जिवाच्या आकांताने वाजवत असतो. दादा डाव्या हातात माइक धरून माझ्याजवळ येतो आणि उजव्या हाताने काळीची मान आवळतो, सहाही तारा मुठीत. आवाज एकदम कापला जातो. लोक श्वास धरतात. तेवढी शांतता ऐकायला लोक येतात, असं दादा म्हणतो. त्या शांततेत म्हैस नको.

रविवार, ९ मार्च

गिटार अ‍ॅम्पला जोडणारी दोरी बदलली. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपच्या खाली तांब्याची पट्टी लावली. सगळे सांधे पुन्हा डाग देऊन पक्के केले. फरक शून्य.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बंद कर ते. घरघर माणसाला लागते शेवटी. घरात नको तो आवाज."

मामांना विचारायला हवं होतं. मामा वायरमन आहेत. नववीत माझी शाळा सुटली तेव्हा त्यांनीच हाताशी घेतलं, पाच वर्षं त्यांच्याबरोबर घराघरांत वायरी ओढल्या. विचारलं नाही. ते काय म्हणतील ते मला माहीत आहे, आणि त्याने घरघर जाणार नाही हेही माहीत आहे.

मंगळवार, ११ मार्च

गेली! एकदम गेली!

अ‍ॅम्पचा प्लग उघडला. हिरवी वायर स्क्रूमधून सोडवली, टोकाला टेप गुंडाळली, प्लग पुन्हा बंद केला. बाहेरून तिन्ही पिना जागच्या जागी. कुणाला कळणार नाही.

दादाने मिठी मारली. "कसं केलंस रे?"

"जमलं," म्हणालो.

गुरुवार, १३ मार्च

झोप नाही.

हिरवी वायर कशासाठी असते ते मला कुणी शिकवायला नको. अ‍ॅम्पच्या आत कुठे वीज सुटली तर ती त्याच्या डब्यावर, डब्यावरून दोरीत, दोरीतून तारांवर येते. हिरवी वायर असली की तीच वीज जमिनीत उतरते. नसली की वाट बघत बसते. कुणाची तरी.

मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून सुन्न आहेत. कुठल्याशा गिरणीत कुणीतरी हिरवी वायर काढून ठेवली होती. "ज्याने काढली त्याला मी कधी माफ केलं नाही," म्हणतात. चहाचा कप डाव्या हाताने धरतात.

पण अ‍ॅम्प ठणठणीत आहे. आत वीज सुटलीच नसेल तर?

शनिवार, १५ मार्च

तालमीत गळा केला. दादाने मान आवळली आणि हात झटकला.

"आई गं! तुझी काळी चावते रे!"

ढोल्या : "चावणारच. उपाशी ठेवलीय तिला."

दादा हाताला फुंकर मारत हसत होता. मीही हसलो. मोठ्याने हसलो.

रविवार, १६ मार्च, सकाळी ११

मामांकडून टेस्टर मागून आणला. "कशाला हवा?" म्हणाले. "घरातलं बटण बघायचंय," म्हणालो.

शेडमध्ये कुणी नव्हतं. अ‍ॅम्प सुरू केला, काळी जोडली, टेस्टरचं टोक तारेला लावलं. दिवा लागला. टेस्टर तर नुसत्या हवेनेही लागतो, म्हणून झिरोचा बल्ब घेतला. एक वायर तारांना, दुसरी नळाच्या पाइपला.

बल्ब पेटला. मंद, पण पेटला.

माइकही पाइपासारखाच, त्याचं धातूचं अंग जमिनीला जोडलेलं. दादाच्या डाव्या हातात माइक, उजव्या हातात तारा. मध्ये काय आहे? छाती.

काल हात कोरडे होते म्हणून नुसतं चावलं. कार्यक्रमात तो घामाने निथळत असतो.

मंगळवार, १८ मार्च

हिरवी वायर परत लावली. घरघर परत आली. दादाचा चेहरा उतरला. "चार दिवसांवर आलंय! आत्ताच बिघडायचं होतं?"

पुन्हा काढली. फक्त २२ पर्यंत. २३ ला सकाळी पहिलं काम तेच.

दादाला म्हणालो, या वेळी गळा नको करूया.

"का?"

"तारांचा ताण बिघडतो. सूर उतरतात."

"तू वाजवत नाहीस रे. तू मोजतोस. गळा होणार."

शनिवार, २२ मार्च, संध्याकाळी ५.४०

हॉलच्या मागची खोली. दादाने नवा शर्ट घातलाय. मामाही आलेत, पोराचं गाणं ऐकायला. पहिल्या रांगेत बसलेत.

रविवार, २३ मार्च

सगळं नीट चाललं होतं. सुरुवात इतकी स्वच्छ की मला माझीच बोटं तारांवरून घसरताना ऐकू येत होती. तो माणूस मान डोलावत होता.

शेवटचं गाणं. दादा घामाने ओला, माइक डाव्या हातात. उजवा हात पुढे आला. मी मागे सरकलो. त्याला वाटलं गंमत — हसून आणखी पुढे आला. मी पाठ फिरवली. हात हवेत राहिला. गाणं कुठे संपवायचं कुणालाच कळेना. ढोल्याने कसाबसा शेवट केला. मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

खोलीत येताच दादा ओरडला. "माझा हात चुकवलास! एवढ्या लोकांसमोर! का?"

दारात मामा उभे होते. मी तोंड उघडलं. एक वाक्य होतं फक्त. मामांच्या उजव्या हाताकडे नजर गेली आणि वाक्य घशातच राहिलं.

"बोल ना!"

मी काळीची दोरी गुंडाळायला लागलो.

"त्या माणसाने काय सांगितलं ऐकायचंय? बँड ठीक आहे, गिटारवाला भित्रा आहे. बदला. — उद्यापासून येऊ नकोस."

काळी घेऊन घरी आलो. अ‍ॅम्प त्यांच्याकडे राहिला. ते सकाळचं पहिलं काम राहूनच गेलं.

गुरुवार, २७ मार्च

ढोल्या माझं गिटारचा आवाज बदलायचं पेडल परत द्यायला आला. चपला न काढता दारातच उभा. म्हणाला, नवा पोरगा मिळालाय. बोटं म्हणजे नुसती वीज.

पेडल घेऊन बाजूला ठेवलं.

"गळा?" विचारलं.

"दादाने त्याला सगळ्यात आधी तेच शिकवलं. पण हा तुझ्यासारखा लाजत नाही. स्वतःहून मान पुढे करतो."

तालमीत चावतं का, विचारलं. "जरासं. दादा म्हणतो, चावल्याशिवाय मेटल कसलं!"

५ एप्रिलला कार्यक्रम. त्या माणसाने दुसरी संधी दिली आहे. माझ्याशिवाय.

रविवार, ३० मार्च

दादा फोन उचलत नाही. निरोप लिहिला : "अ‍ॅम्पचा प्लग उघडून बघ. हिरवी वायर मी काढली आहे." ह्रस्व-दीर्घ तपासलं. परत वाचलं. 'मी' हा शब्द काढून पाहिला. मग सगळंच पुसलं.

मामांकडे गेलो. ते शिडीवर, मी खाली शिडी धरून. एवढा वेळ होतो, किती वेळा बोलता आलं असतं.

"काय रे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

"काही नाही, मामा."

"दादाशी बोल. भाऊ भाऊ आहात. एवढ्यातेवढ्यावरून अबोला?"

एवढ्यातेवढ्यावरून! टेस्टर माझ्या खिशात होता. तोही दिला नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

नवा प्लग आणला.

शनिवार, ५ एप्रिल

दुपारी हॉलवर गेलो. सुतार रंगमंचाच्या फळ्या ठोकत होते. राखणदार मला ओळखतो, "आज लवकर?" म्हणाला. मान हलवली.

अ‍ॅम्प मांडून ठेवला होता, बंद. जुना प्लग कापून टाकला, नवा बसवला. लाल, काळी, हिरवी. हिरवीचा स्क्रू इतका आवळला की पेचकसाने तळहाताला फोड आला. ओढून पाहिली. परत ओढून पाहिली.

संध्याकाळी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. दिवे गेले. नवा पोरगा पुढे आला, हळू सुरुवात केली, आणि त्याच्या मागून — घर्रर्र.

लोकांत चुळबूळ. दादा अ‍ॅम्पकडे बघतोय, पोरगा बटणं फिरवतोय. तो माणूस पहिल्या रांगेत हाताची घडी घालून. मी भिंतीला पाठ लावून ती घरघर ऐकत राहिलो. आईला सांगणार नाही, पण एवढा चांगला आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

शेवटचं गाणं. दादाचा हात. मूठ. तारा थांबल्या, घरघर थांबली नाही. दादाही थांबला नाही. मूठ सोडली, घाम पुसला, पाणी प्यायला. मी खाली बसलो.

राखणदाराने सांगितलंच असणार. फाटकाशी दादाने गाठलं. ओरडला नाही, हेच वाईट.

"बोलत नव्हतास तेव्हा वाटलं, घाबरला असेल. लहान आहे. आता कळलं. तू जळतोस." मग म्हणाला, "मी तुला आणलं होतं रे."

"दादा, तो प्लग —"

"हो ना! प्लगच! कबूल तरी करतोस."

ढोल्याने त्याला ओढून नेलं. जाऊ दे. जळतो म्हणू दे. जन्मभर म्हणू दे. हिरवी वायर जागेवर आहे.

मंगळवार, ८ एप्रिल

दोन रात्री सलग झोपलो. आई म्हणाली, चेहऱ्यावर रंग आला. लोकांच्या जेवणात वाजवायला ऑर्केस्ट्रावाल्याने बोलावलंय. कोट इस्त्रीला टाकला.

शनिवार, १२ एप्रिल, सकाळी ७.१०

दात घासत होतो. ढोल्याचा निरोप आला : "त्या माणसाने शेवटची संधी दिली, आज संध्याकाळी ७. आणि ऐक, तुझी म्हैस गेली! नव्याने पाच मिनिटांत घालवली."

कशी, विचारलं.

"प्लग उघडला, काहीतरी सोडवलं. हुशार आहे पोरगा."

लिहिलं : ती वायर आत्ताच्या आत्ता परत लाव. दादाचा जीव जाईल. मलाच माहीत आहे, आधी मीच काढली होती.

उत्तर आलं : "पुरे रे आता. किती जळशील."

दादाने माझा नंबर बंद करून ठेवलाय. माझं कुणी ऐकणार नाही. मामांचं ऐकतील. मामा आठला कामावर निघतात. त्यांना सगळं सांगायचं, ११ मार्चपासून. सुन्न बोटांकडे बघत सांगायचं.

खर्च : प्लग ६५, टेप १५, बल्ब २०, बसचं जाणं-येणं ८०. एकूण १८०.
देणं : मामांचा टेस्टर. तो घेऊन निघालो.