काढून टाकलेल्या चार ओळी

प्रिय चिऊ,

परिषदेतलं तुझं भाषण फार रंगलं म्हणे. तीन दिवस तुझा फोन लागत नाहीये, म्हणून लिहिते आहे. हे पत्र तुझ्या दाराखालून आत सरकवून जाईन. एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू रडली असतीस आणि मी नेहमीसारखी विरघळले असते.

पीएचपी या संगणकभाषेच्या फ्रेमवर्कचं ते आठशे पानी संदर्भपुस्तक मी आणलं, तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. ‘ताई, हे अडलं की उघडायचं असतं गं, पहिल्या पानापासून कोण वाचतं?’ मी वाचलं. मला तर प्रत्येक पानावर अडत होतं. जेवणाच्या सुट्टीत, आपल्या दवाखान्याच्या रेकॉर्डखोलीत, कपाटांच्या मागे बसून वाचलं. पहिला महिना नुसत्या राउटिंगमध्ये, पडद्यावर हवं ते पान उघडण्यातच गेला. मागायचं एक पान आणि उघडायचं भलतंच. पण डायलिसिसचं ते खाडाखोडीनं काळं झालेलं रजिस्टर रोज माझ्याकडे यायचं. एकाच यंत्रावर एकाच वेळेला दोघांची नावं. एक जण आत, दुसरा बाकावर सुजलेले पाय घेऊन बसलेला. यंत्रांच्या वेळा संगणकावर नोंदवायची सोय करून ते थांबवायचं, एवढंच डोक्यात होतं.

सातव्या प्रकरणात भरलेली माहिती तपासायचे नियम होते. एक यंत्र, एक वेळ, एकच रुग्ण. दुसरं नाव घातलं की संगणकानं अडवायचं. त्या चार ओळींना मला अकरा दिवस लागले. जमल्या तेव्हा पहिला फोन तुला केला होता.

पुढचं तुला माहीत आहे. ‘तू फक्त बस ताई, मोठ्या साहेबांपुढे मी मांडते. तुझी बोबडी वळते.’ खरंच वळते. म्हणून मी बसले, शेवटच्या रांगेत, आणि पडद्यावर ‘निर्मिती’ या शब्दापुढे तुझं एकटीचं नाव वाचलं. टाळ्या मीही वाजवल्या. तू संगणक विभागाची प्रमुख झालीस. घरी विचारलं तर म्हणालीस, ‘रेकॉर्डखोलीतल्या बाईनं केलंय म्हटल्यावर कुणी हात तरी लावला असता का?’ त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण पाठची बहीण, पोटात घालायचं, असं म्हणून मी दोन वर्षं तोंड शिवलं.

मंगळवारी एका यंत्रावर दोन नावं लागली. दुसरं नाव एका निवृत्त शिक्षकांचं होतं. अडीच तास बाकावर होते, मग धाप लागली, अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. आता बरे आहेत. पण नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंना त्याच दुपारी घरी बसवलं. ‘संगणक चुकत नाही, तुम्हीच चुकलात,’ असं त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं. त्या जिन्यात बसून माझ्याजवळ म्हणाल्या, ‘मी दुसरं नाव घातलं तर त्यानं मला अडवलंच नाही हो.’

तू परिषदेला, फोन बंद. मी अधीक्षकांना म्हटलं, मी बघते. ते माझ्याकडे बघतच राहिले. फाइल उघडली. सगळं माझंच होतं, मी ठेवलेली नावंसुद्धा. फक्त सातव्या प्रकरणातल्या त्या चार ओळी नव्हत्या. कुणी, कधी काढल्या याची नोंद संगणक ठेवतो, हे तूच मला शिकवलंस. तुझं नाव होतं, चिऊ. तारीख सादरीकरणाच्या आदल्या दिवसाची. साहेबांना दाखवायच्या नमुन्याच्या नोंदी पटापट आत जाईनात, म्हणून काढल्या असशील. नंतर घालायच्या राहिल्या असतील. दोन वर्षं खिडकीवरच्या बाईंच्या नजरेवर निभावलं. माझं नाव पुसलंस ते मी गिळलं. पण ज्या कामासाठी मी ते सगळं शिकले, तेवढंच तू काढून टाकलंस, आणि मला सांगितलंही नाहीस.

त्या ओळी मी परत घातल्या. अधीक्षकांनी विचारलं, ‘तुम्हाला हे कसं येतं?’ मी सांगितलं. कुणी लिहिलं, कुणी काढलं, सगळं सांगितलं. बोबडी वळली नाही. खिडकीवरच्या बाई उद्यापासून कामावर येतील. तुला सोमवारी साडेदहाला बोलावलं आहे, मलाही. याला तू दगा म्हणशील. म्हण. पण ते परक्याच्या तोंडून तुझ्या कानावर येऊ नये, म्हणून हे पत्र. सोमवारी खरं तेच सांग, नाहीतर सगळ्यांसमोर तुला खोटं पाडायची वेळ माझ्यावर येईल, आणि या वेळी मी गप्प बसणार नाही.

अजूनही तुझीच,
ताई