मुहपत्तीखालचा चेहरा

शहादा,
ता. ८ ऑगस्ट

पूज्य महासतीजी,

मत्थएण वंदामि. दोंडाईच्याला चातुर्मासात तुमची सुखसाता असेल. इकडे आई, पप्पा, दुकान, सगळं ठीक. आपण दोघी बहिणी मराठी शाळेतल्या, म्हणून मराठीतच लिहिते. तुमच्या दीक्षेला दोन वर्षं झाली, तरी तुम्हाला जीजी न म्हणणं अजून अंगवळणी पडलेलं नाही. सांभाळून घ्या.

परवा आई वंदनाला आली, मी आले नाही, कारण तोंड दाखवायची सोय नव्हती. मुरुमांचे खड्डे भरावेत म्हणून तिने मला नंदुरबारला मायक्रोनीडलिंगला नेलं होतं. आधी बधिर करायचं मलम लावतात, मग बारीक सुयांचं पेन गालांवरून फिरवतात. टोचलेली कातडी आपोआप नव्याने भरून येते म्हणे. मलम लावूनही डोळ्यांत पाणी आलंच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, चेहऱ्याला काही लावायचं नाही, कापडसुद्धा टेकवायचं नाही.

आईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखं मला पाऊण तास सामायिकाच्या ध्यानाला बसवलं, तोंडावर मुहपत्ती बांधून. मुहपत्ती म्हणजेही कापडच, हे दोघींच्या डोक्यात आलं नाही. उठले तर हनुवटी सुजून लाल. दुकानातला दोधूभाऊ म्हणाला, "बेन, तोंडले काय व्हयनं? माशी चावनी का?" डॉक्टरीणबाई फोनवर रागावल्या, मास्क कशाला लावला? आई म्हणाली, "मास्क नाही हो, धर्म आहे."

आणि त्याच दुपारी तळोद्याचे लोक मला बघायला येणार होते. ताप आलाय असं कळवू, म्हणून आई मागे लागली. मी ऐकलं नाही, तशीच चहा घेऊन बाहेर गेले आणि काय झालं ते सांगून टाकलं. मुलाचं नाव मयंक. त्याने एकच विचारलं, "दुखतंय का?" मला तो तिथेच आवडला. होकार आलाय. आता आईचं चाललंय, साखरपुड्याआधी पुन्हा सुया टोचून घे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आईसमोर जे विचारता येत नाही, त्यासाठी हे पत्र. तुमच्या गालांवरही हेच खड्डे होते. दोन घरांतून नकार आले, आणि मग तुम्ही दीक्षेचं बोललात. लोक त्यावरून काय बोलतात ते मी ऐकते, त्यांच्याशी भांडतेही. पण खरं काय ते मलाही ठाऊक नाही. तू मनापासूनच गेलीस ना? तेवढं कळलं तर मी सुखाने मांडवात उभी राहीन.

उत्तर लिहायची तुम्हाला मोकळीक नाही. सूज उतरली की मी येईनच. तेव्हा नुसतं माझ्याकडे बघा, मला समजेल.

अजून एक. तुमच्या पहिल्या केशलोचाला मी अगदी पुढे बसले होते. राख लावून हाताने केस उपटत होते आणि सगळे जयजयकार करत होते, पप्पासुद्धा. तेव्हा कोणी विचारलं नाही.

जीजी, खूप दुखलं का गं?

तुझीच,
प्रियल