बल्बची काही चूक नाही

रविवार, ९ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत आहोत. तुझे दाजी मात्र जरा धास्तावलेत, कारण त्यांची घाईत उरकलेली दाढी आता मला दिसते.

तू गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी डोळ्यावरची पातळ संरक्षक लेन्स काढली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई दिसली. नुसती बाई नाही रे, तिच्या दातात धरलेला चिमटासुद्धा!

ऑपरेशनच्या दिवशी तू बाहेर बाकावर घाम पुसत बसला होतास आणि आत मी निवांत होते. थेंब घालून डोळा बधिर केला. एका दिव्याकडे बघत राहायचं, एवढंच माझं काम. लेसर टकटक वाजला, केस जळल्यासारखा वास आला आणि बुबुळावरचा खराब थर निघालासुद्धा. नंतर काही दिवस डोळ्यात तिखट गेल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू? ही ‘साखर’ काही वर्षांनी परत साचू शकते, असंही बाई म्हणाल्या. तेव्हाचं तेव्हा बघू.

‘साखर’ हा आबांचाच शब्द. ‘डोळ्यात जरा साखर सांडलीय,’ म्हणायचे आणि खापर फोडायचे बल्बवर. ‘हल्लीच्या बल्बना उजेडच नसतो!’ की चढले स्टुलावर. आपण दोघं स्टूल धरून उभे. घड्याळदुरुस्तीच्या दुकानातले, घरातले, सगळे बल्ब बदलून झाले, पण डॉक्टरकडे काही गेले नाहीत. शेवटी शेवटी डोळ्याला भिंग लावून नुसते बसायचे आणि घड्याळ कानाशी धरायचे. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुकान कसं चाललंय? वहिनीची कंबर बरी आहे ना?

बरं, किती वेळ इकडचं तिकडचं लिहू? माझ्या डोळ्यावर पट्टी असताना तू स्वयंपाकघरात स्टूल ओढलंस. म्हणालास, ‘ताई, किती अंधारात काम करतेस गं! थांब, बल्ब बदलतो.’ दाजी म्हणाले, ‘अरे, नवाच आहे तो.’ तू हसण्यावारी नेलंस.

काल तू काढलेला तो बल्ब मी परत लावला. लख्ख उजेड पडतो रे त्याचा.

हे आईबापांकडून मुलांकडे येतं, एकाला आलं म्हणजे दुसऱ्याचेही डोळे तपासायलाच हवेत, असं बाईंनी मला बजावलं होतं. तुला सांगायचा धीरच झाला नाही. तुझ्या हातात आबांची चिमटी आहे, त्यांचंच भिंग आहे. घड्याळ कानाशी धरून बसलेला तू मला बघायचा नाहीये.

रागाव हवं तर, पण ये. या वेळी बाहेरच्या बाकावर घाम पुसत मी बसेन.

अजूनही स्टूल धरून उभी असलेली,
तुझी ताई